वाचक विचारतात : मनात प्रेम नसेल तर प्रीती कशी करायची?

सगळ्यांना सलाम.

मागच्या अंकात मी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायावर, म्हणजे प्रेषित पौलाने प्रीतीवर लिहिलेल्या अध्यायावर, थोडं लिहिलं होतं, की आपण हा अध्याय लग्नात वाचतो, फ्रेम करून हॉलमधे लावतो, आणि रोजच्या भांडणात मात्र कोणाला तो आठवत नाही. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून काही निवडलेत. नावं छापत नाही. सोलापुरात आपली मंडळी एकमेकांना ओळखतात आणि यातल्या काही गोष्टी फार नाजूक आहेत.

प्रश्न : ताई, मी आणि माझी जाऊ 3 वर्षं बोलत नाही. सासऱ्यांच्या घराची वाटणी झाली तेव्हापासून. दोघी एकाच चर्चला जातो, ती डावीकडच्या बाकांवर बसते मी उजवीकडे. प्रभुभोजनालाही (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दोघी जातो. पाळकसाहेब म्हणतात प्रीती करा, पण माझ्या मनात तिच्याबद्दल प्रेम येतच नाही हो, मी काय करू. खोटं हसून सलाम करायचा का? ते ढोंग नाही का होणार? — एक बहीण, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बहुतेक जण "माझ्या मनात काही नाही हो" म्हणून विषय संपवतात, तुम्ही सरळ लिहिलंत की मनात प्रेम नाहीये. बरं केलंत, निदान खरं काय ते समोर आलं.

आधी हा अध्याय कोणाला लिहिला ते बघा. करिंथ म्हणजे व्यापाराचं शहर, बंदराचं, आणि तिथली ख्रिस्ती मंडळी भांडणांनी नुसती पोखरलेली होती. पौल तेव्हा इफिसात होता, इ.स. 54-55 चा सुमार असेल, आणि ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी त्याच्या कानावर घातलं की तिकडे तट पडलेत, कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी म्हणतो मी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, ते 6 व्या अध्यायात आहे. प्रभुभोजनाला जमले की ज्यांच्याकडे आहे ते आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी बघत बसायचे, ते 11 व्यात. अशा लोकांना पौलाने 13 वा अध्याय लिहिलाय, नवरानवरीला नाही. म्हणजे तुमच्यासारख्या डावीकडे-उजवीकडे बसणाऱ्या लोकांनाच लिहिलाय, हे वाचून जरा धीर धरा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. मूळ ग्रीकमधे 4 ते 7 या चार वचनांत पौलाने 15 क्रियापदं वापरलीत. प्रीती कशी असते याचं वर्णन तो करत नाही, प्रीती काय करते आणि काय करत नाही ते सांगतो. धीर धरते, दया करते, हेवा करत नाही, बढाई मारत नाही, चिडत नाही. आठ गोष्टी तर "करत नाही" अशाच आहेत, म्हणजे हात आवरायच्या, तोंड आवरायच्या. त्यात मनात गोड वाटलं पाहिजे असं कुठेच नाही.

आणि 5 व्या वचनात आपल्या शास्त्रात "अपकार स्मरत नाही" असं आहे ना, तिथला ग्रीक शब्द हिशोबाचा आहे, वहीत नोंद करून ठेवायचा. म्हणजे वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते तशी वही प्रीती ठेवत नाही.

या वहीवरून मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चर्चच्या हंगामाच्या सणाला नेहमीसारखा अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव चालला होता, कोणी गावाकडून आणलेला लाल भोपळा, कोणी ज्वारीची पायली, कोणी कडक भाकरीची चळत, आणि मी शेंगा चटणीच्या एका बरणीवर 400 रुपये बोलले. भगिनी मंडळाचा हिशोब आमच्याच गल्लीतल्या, माझ्या भिंतीला भिंत असलेल्या बाईंकडे होता. त्यांनी वही उघडली, पान पलटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचे मागच्या वर्षीचे अजून बाकी आहेत." मी दिले होते. माझ्या हाताने दिले होते, त्यांनी लिहिले नसतील. माझ्या कानातून वाफा निघाल्या, बरणी तिथेच ठेवली आणि मी घरी आले. पुढे 14 महिने आम्ही बोललो नाही. त्यांच्याकडे एक वही होती, आणि मी माझ्या मनात दुसरी सुरू केली, त्या कधी माझ्याकडे बघून वळल्या, कधी माझ्या सुनेला मुद्दाम विचारलं नाही, सगळं त्यात तारखेसकट लिहून ठेवत होते.

मग एका उन्हाळ्यात नेमक्या पाण्याच्या दिवशी आमची मोटर जळली. आपल्याकडचं पाणी तुम्हाला माहितीये, चार-पाच दिवसांनी येणार, ते पण रात्री कधीही, आणि गेलं की गेलं. रात्री अडीचला पाणी आलं, मी हंडा घेऊन नळाखाली, टाकी कोरडी ठाक. तेवढ्यात भिंतीवरून हिरवा पाइप आला. नुसता पाइप. पलीकडून आवाज, "झाकण काढा." मी टाकीचं झाकण काढलं. पाऊण तास पाणी पडत होतं, त्या पलीकडे उभ्या, मी अलीकडे, कोणी काही बोललं नाही. शेवटी "बास का?" "बास." पाइप परत गेला.

मी नंतर किती वेळा विचार केला, की त्या रात्री त्यांच्या मनात माझ्याबद्दल प्रेम होतं का? मला नाही वाटत. झोपमोड झाली होती, आणि मी त्यांना 14 महिने तोंड दाखवलं नव्हतं. पण टाकी भरली ना. ढोंग असतं तर त्यांनी सकाळी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं असतं, त्यांनी आजतागायत तो पाइप काढलेला नाही बोलण्यात. दुसऱ्या दिवशी मी गेले, चहा झाला. ते 400 रुपये कोणाचे चुकले हे अजूनही ठरलेलं नाही, त्यांना वाटतं त्यांची वही बरोबर, मला वाटतं माझी आठवण बरोबर. पण आम्ही बोलतो, आणि गेल्या वर्षी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिला डबा त्यांच्याकडून आला.

म्हणून ताई, सलाम करा. खोटं हसू आणू नका, ते कोणालाच नको असतं, पण सलाम करा, आणि जावेच्या घरात काही अडलं असेल तर ते करा. ढोंग म्हणजे आत वैर ठेवून बाहेर गोडी दाखवणं आणि तिच्या पाठीमागे तिचंच वाईट बोलणं. आत काही वाटत नसतानाही तिचं भलं करणं, हे ढोंग नाही, ही आज्ञा पाळणं आहे. योहानाच्या 13 व्या अध्यायात प्रभूने "नवी आज्ञा देतो" म्हटलंय, आणि आज्ञा करायच्या गोष्टीची असते, वाटायच्या गोष्टीची कोणी आज्ञा कशी देणार.

प्रभुभोजनाचं लिहिलंत म्हणून एक सांगते. मत्तय 5:23-24 मधे प्रभू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. नीट वाचा, "त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध" असं आहे. म्हणजे चूक कोणाची हे ठरायच्या आधीच जायचंय. कोणी आधी जायचं हा प्रश्न जगात सगळ्या जावा-जावांत असतो, प्रभूने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय, ज्याला आठवलं त्याने.

पण वाटणीचा विषय पहिल्या दिवशी काढू नका. आणि प्रीती म्हणजे तुमचा हिस्सा सोडून द्या असंही मी म्हणत नाहीये. त्यासाठी मंडळीतला दोघींना मान्य असा एखादा जाणता माणूस बसवा, कागद समोर ठेवा, मोजणी करायची तर करून घ्या, पौलानेही 6 व्या अध्यायात हेच विचारलंय की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का. कागद कागदाच्या जागी ठेवले की बोलणं सोपं जातं.

आणि वेळ लागला तर घाबरू नका. पौल आणि बर्णबा, दोघं केवढे मोठे, मार्कला प्रवासात सोबत न्यायचं की नाही यावरून त्यांचं इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले, प्रेषितांची कृत्ये 15 मधे आहे. तिथे भांडणासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याच मुळातला शब्द करिंथकरांच्या 13 व्या अध्यायात "चिडत नाही" साठी आलाय. म्हणजे लिहिणारा माणूस स्वतः चिडलेला होता कधीतरी, त्याला माहिती होतं तो काय लिहितोय ते. आणि वर्षांनंतर तुरुंगातून तो तीमथ्याला लिहितो की येताना मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. त्याच मार्काला.

प्रश्न : माझा नवरा दारू पिऊन मारतो. दोन वेळा डोक्याला टाके पडलेत. मी मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या की प्रीती सर्व काही सहन करते, तू प्रार्थना कर, घर मोडू नको. मी काय करू? — नाव नको

उत्तर : माझ्या लेकी, आधी तू सुरक्षित जागी जा. आईकडे, बहिणीकडे, मैत्रिणीकडे, कुठेही, मुलं असतील तर त्यांना घेऊन. आता मारहाण होत असेल तर 112 वर फोन लाव. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तिथे सल्लाही मिळतो आणि मदतही. टाके पडलेत त्याचे दवाखान्याचे कागद जपून ठेव, दुसऱ्याच्या घरी ठेव. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, आणि कोर्ट असा आदेश देऊ शकतं की त्याने तुला हात लावायचा नाही, तुला राहत्या घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिची कमाई कितीही असो.

आता त्या वचनाचं. "सर्व काही सहन करते" हे 7 वं वचन आहे. त्याच्या आधीचं 6 वं कोणी वाचत का नाही? "अनीतीत आनंद मानत नाही, तर ती सत्यासंबंधी आनंद मानते." बायकोचं डोकं फुटणं ही अनीती आहे, आणि ती झाकून ठेवायला सांगणं म्हणजे सत्याला दाबणं. आणि त्या "सहन करते" च्या ग्रीक शब्दाचं नातं छपराच्या शब्दाशी आहे. छप्पर खाली राहणाऱ्याला ऊन-पावसापासून वाचवतं. तुझ्यावर छप्पर धरायचं काम त्या बायकांचं होतं, मंडळीचं होतं, आणि त्यांनी ते तुझ्याच डोक्यावर ओझं म्हणून ठेवलं याचं मला फार वाईट वाटतंय. मी स्वतः वयाने मोठी आहे म्हणून त्यांच्या वतीने तुझी क्षमा मागते.

क्षमा करणं आणि परत त्याच घरात राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तू उद्या करशील, दहा वर्षांनी करशील, ते तुझं आणि प्रभूचं. परत जायचं की नाही हे मात्र त्याची दारू सुटली का, हात थांबला का, किती दिवस थांबला, हे बघूनच ठरवायचं, आणि ते फक्त त्याच्या शब्दावरून ठरत नसतं. त्याच्यावर प्रीती करायची असेल तर त्याला व्यसनमुक्तीला पाठवणं ही प्रीती आहे. त्याला आणखी एकदा मारू देणं ही नाही.

आणि पाळक, पंच, वडील जे कोणी हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे, अशी बाई तुमच्याकडे आली तर तिला समजावू नका, तिच्या सोबत चौकीला जा.

प्रश्न : मावशी, मी 23 वर्षांचा, पुण्यात नोकरीला आहे. पप्पा 9 दिवस दवाखान्यात होते, मम्मी एकटी, मी शनिवार-रविवार येऊन जाऊन करत होतो. आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं, पप्पांची बातमी टाकली तर 40 जणांनी हात जोडले, पण दवाखान्यात फक्त एक म्हातारे काका आले, ते पण सायकलवर. मला आता त्या ग्रुपमधे राहावंसंच वाटत नाही. प्रीती प्रीती करतात आणि असं. — तरुण संघाचा एक माजी सेक्रेटरी

उत्तर : बाळा, पप्पा आता बरे असतील अशी आशा करते. तुझा राग बरोबर आहे, तो गिळू नकोस.

पण ग्रुप सोडायच्या आधी कृत्यांचा 6 वा अध्याय वाच. यरुशलेमची पहिली मंडळी, प्रेषित स्वतः तिथे हजर, आणि तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जात होतं. कुरकुर झाली. बाराही प्रेषितांनी "असं बोलू नका, प्रीती ठेवा" असं सांगून विषय मिटवला नाही. त्यांनी मंडळीला 7 माणसं निवडायला लावली, स्तेफन, फिलिप्प वगैरे, आणि सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यातल्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटप बहुधा त्यांच्याच हातात दिलं. मला बायबलातला हा भाग फार आवडतो, कारण इथे प्रीती म्हणजे यादी आहे, कोणाचं घर राहिलं, आज कोण जाणार.

आपल्याकडे तेच नाहीये. त्या 40 जणांना वाईट वाटलंच असणार रे, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येकाला वाटलं की दुसरा कोणीतरी गेला असेल. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही असं झालं. तू सेक्रेटरी होतास, तुला कागद कसा करायचा माहितीये. तरुण संघाच्या पुढच्या मीटिंगला जा आणि नऊ दिवसांचं सांग, शांतपणे सांग, मम्मी रात्री बाकावर कशी झोपली ते सांग, आणि एक तक्ता कर, दवाखान्यात कोणी असेल तर सकाळचा डबा कोणाचा, रात्री सोबतीला कोण, रिपोर्ट आणायला गाडी कोणाची, कोणाचा रक्तगट काय. चार पोरं तयार झाली तरी पुरे.

आणि त्या सायकलवाल्या काकांच्या घरी जाऊन ये. पुण्याहून येताना त्यांच्यासाठी काहीतरी आण.

प्रश्न : आपण ख्रिस्ती लोक प्रेम न म्हणता प्रीती का म्हणतो? मुलं हसतात. — एक आजोबा, सिद्धेश्वर पेठ

उत्तर : आजोबा, जुन्या मराठी भाषांतरात अगापे या ग्रीक शब्दाला प्रीती घेतला आणि तो आपल्या प्रार्थनांत, गाण्यांत मुरला. प्रेम म्हटलं तरी काही बिघडत नाही. मुलांना हसू द्या, पण त्यांच्याकडून 1 करिंथ 13:8 पाठ करून घ्या, "प्रीती कधी अंतर देत नाही." अंतर देणं म्हणजे सोडून जाणं, हे इतकं सुंदर मराठी आहे की ते मुलांच्या कानावर पडलंच पाहिजे.

प्रश्न : मी मंडळीचा पंच आहे. मुलीला चांगलं स्थळ आलंय, मुलगा ख्रिस्ती, निर्व्यसनी, नोकरी आहे, पण त्यांचं घर तेलुगू उपासनेला जाणारं, आणि आमच्या पूर्वजांची जात आणि त्यांच्या पूर्वजांची जात वेगळी. घरातली मोठी माणसं तयार नाहीत. प्रीती सगळ्यांवर आहेच, पण सोयरीक ही वेगळी गोष्ट नाही का? — एक वडील

उत्तर : दादा, तुम्ही पंच आहात म्हणून मी जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

गलतीकरांच्या 2 ऱ्या अध्यायात पौल सांगतो की पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, भावांबरोबर एका पंगतीला जेवत होता, आणि याकोबाकडची यहूदी माणसं आल्यावर तो मागे सरला, वेगळा बसायला लागला. पेत्राने त्या भावांना शिवी दिली नव्हती, त्यांच्यावर प्रीती नाही असंही म्हटलं नव्हतं. फक्त ताट उचलून बाजूला गेला. आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. पुढे 3:28 मधे "यहूदी व हेल्लेणी (ग्रीक) असा भेद नाही" हे येतं ते याच भांडणातून येतं, हवेतून नाही. म्हणून मला वाटत नाही की प्रीती वेगळी आणि सोयरीक वेगळी असं म्हणता येतं. ताट आणि सोयरीक, जात नेमकी इथेच तर राहते, बाकी ठिकाणी ती दिसतही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तुम्हाला माहिती असेल. नारायण वामन टिळकांनी 1895 मधे बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आपल्या पंढरपुरातही राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी सुरुवातीला सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. स्मृतिचित्रांत त्यांनी ते काही लपवलेलं नाही. आणि मग ती गाठ एकेक करून सुटत गेली, दुसऱ्या कोणी सोडवली नाही, त्यांनी स्वतः सोडवली. ज्या बाईला जन्मापासून सोवळं शिकवलेलं तिला जे जमलं, ते तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या आपल्या घरांना जमत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. जात नको म्हणूनच आपले पूर्वज आले होते ना दादा. ज्यांनी अपमान सोसला ते आले, आणि त्यांची पतवंडं आता कोण वर कोण खाली बघतायत.

भाषेचं म्हणाल तर सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही ऐकू येतात, आपली पोरं शाळेत जायच्या आधी दोन भाषा बोलतात. घरात दोन भाषा झाल्या तर नातवंडांचा फायदाच.

घरातल्या मोठ्यांना मात्र तोडून बोलू नका. त्यांना भीती असते, लोक काय म्हणतील, धाकट्या मुलीचं लग्न होईल का. मुलाच्या घरच्यांना एकदा साधं जेवायला बोलवा, ठरवाठरवी न करता, आजीला त्या मुलाच्या शेजारी बसवा. मुलाचा स्वभाव बघा, रागावर ताबा आहे का, आईशी कसा बोलतो, कर्ज आहे का, हे सगळं जरूर बघा. कायद्याची काहीच अडचण नाही, 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात जात विचारतच नाहीत. आणि मुलीला विचारलंत का? तुमच्या पत्रात तिचं म्हणणं कुठेच नाहीये.

प्रश्न : शेजारीण संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी ताट घेऊन येते, प्रसाद असतो. सासूबाई म्हणतात घेऊ नको, नवरा म्हणतो घे. माझी पंचाईत होते. शेजारीण फार चांगली आहे. — एक सून, विजापूर रोड

उत्तर : यावर, म्हणजे मूर्तीला वाहिलेलं खावं की नाही यावर, पौलाने तीन अध्याय लिहिलेत, 1 करिंथ 8 ते 10, म्हणजे तुझी पंचाईत दोन हजार वर्षं जुनी आहे. त्याची सुरुवातच "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते" अशी आहे. मूर्ती काही नाही हे ज्याला कळलं तो मोकळा आहे असं तो म्हणतो, पण ज्याच्या मनाला टोचतं त्याला ठेच लागेल असं वागू नका असंही म्हणतो. म्हणजे तुझा नवराही चुकत नाही आणि सासूबाईही. त्यांच्या मनाला टोचत असेल तर त्यांच्यासमोर खाऊ नकोस, त्यावरून घरात वाद घालू नकोस.

पण शेजारणीला दारातून परत पाठवू नकोस एवढं माझं ऐक. ती तुझ्या देवाशी भांडायला नाही आलेली, सणाच्या दिवशी तिला तुझी आठवण झाली म्हणून आलीये. मी काय करते ते सांगते. मी ताट दोन्ही हातांनी घेते, आत बोलावते, चहा टाकते. तिळगूळ, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी असं संक्रांतीचं असतं ते आम्ही आनंदाने खातो. देवापुढे ठेवलेलं वेगळं असेल तर मी तिला प्रेमाने सांगते की आमच्याकडे हे घेत नाहीत गं, वाईट वाटून घेऊ नकोस. आमची मैत्री 20 वर्षांची आहे, एकदाही तिने वाईट वाटून घेतलं नाही, उलट आता ती स्वतःच तो द्रोण बाजूला काढून ताट आणते.

आणि ताट रिकामं परत द्यायचं नाही हे तुला तुझ्या आईने शिकवलंच असेल. नाताळच्या करंज्या जानेवारीच्या मध्यापर्यंत टिकत नाहीत, म्हणून मी सारण थोडं बाजूला काढून ठेवते आणि गड्ड्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एक घाणा तळते. ताटभर होतात.